शनिवारची वाट बघू नकोस

चि. ताईस,

काल फोनवर तू म्हणालीस, तुमच्या नेदरलँड्समध्ये लेवार्डनच्या कालव्यांवर बर्फ धरलाय, शेजारची पोरं स्केट्स घालून उतरलीत, तुझा लेक खिडकीला नाक लावून बघतोय आणि तुम्ही शनिवारी जाणार. शनिवारी कशाला? उद्याच जा.

इकडंही कडाका आहे. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा पाचाच्या आसपास, पेपरात परभणीचं नाव, सकाळी चौकाचौकात शेकोट्या. पण दुपारी स्वेटर काढावाच लागतो, त्यामुळं आपली गोदामाय काही गोठत नाही. पाणी चार अंशांना सगळ्यात जड होऊन तळाशी जातं. सगळं पाणी तेवढं गार झालं की त्याहून थंड थर हलका होऊन वरच राहतो आणि शून्याला गोठतो. त्यासाठी दिवसासुद्धा न हटणारी थंडी लागते. ती तुझ्या दारात आलीय, पण किती दिवस राहील ते कुणाच्या हातात नाही.

हुरड्याचं आठव. दाणा चिकात आला की तुझे आजोबा कुणाचं ऐकत नसत. शाळा बुडो, बाजार बुडो, सगळ्यांनी शेतात यायचं, आगटी पेटवायची. आठवडाभर थांबलं की दाणा टणक, मग ज्वारी खा.

वेळ थांबत नाही, हे तुमच्या फ्रीसलँडच्या माणसांना पक्कं ठाऊक आहे. अकरा गावांची ती शर्यत, एल्फस्टेडेनटोख्त, तुझ्याच गावातून सुटते आणि जवळजवळ २०० किलोमीटरचा फेरा घालून तिथंच संपते. वाटेवर सगळीकडं १५ सेंटिमीटर जाड बर्फ असेल तरच. १९०९ पासून ती फक्त १५ वेळा झाली, शेवटची ४ जानेवारी १९९७ ला. म्हणजे आज पंचविशीतल्या कुणीही ती पाहिलेली नाही. १९६३ साली वारा आणि हिमवादळ इतकं होतं की हजारो निघाले आणि दीडशेसुद्धा पोचले नाहीत; जिंकलेल्या रेनियर पापिंगचं नाव तिथं अजून घेतात. १९८६ ला युवराज विलेम-अलेक्झांडर, आताचे राजे, दुसऱ्याच नावानं त्यात उतरले आणि त्यांनी ती पुरी केली. पृथ्वी तापतेय तशी ही संधी आणखी दुर्मीळ होत चाललीय. मला त्याचं फार वाईट वाटतं, म्हणून तर एवढं मागं लागलेय.

पण ताई, नदीकाठची माणसं आपण, पाण्याला गृहीत धरायचं नाही. गावकरी जिथं उतरलेत तिथंच उतर. पुलाखाली बर्फ पातळ असतो, लव्हाळ्यांच्या कडेला आणि बदकं बसतात तिथंही. शर्यतीतले कसलेले गडीसुद्धा अशा जागी बाहेर येऊन स्केट्सवरच चालत पुढं जातात. एकटी जाऊ नकोस. गळ्यात अडकवायचे ते दोन टोकदार सुये मिळतात, ते घेच. आत पडलं तर बर्फात रोवून वर येता येतं.

आणि लेकाला हात धरून शिकवू नकोस, दोघंही पडाल. तिथली पोरं स्वयंपाकघरातली खुर्ची पुढं ढकलत शिकतात. तुझी ती जुनी लाकडी काढ. अंधार पडायच्या आत घरी या, आणि खुर्ची सोडून तो किती लांब गेला ते मला रात्री त्याच्याच तोंडून ऐकू दे.

तुझी,
आत्या
परभणी