तारीख असलेला कागद

पुणे

चि. मानसी,


तुझं पत्र मिळालं. मुंबईतल्या न्यूज पोर्टलची नोकरी धरावी की जिल्ह्याच्या दैनिकाची, हे ठरवण्याआधी छापील पेपर तुझ्या निवृत्तीपर्यंत टिकेल का, असं तू विचारलं आहेस, आणि पुढच्याच ओळीत ‘टिकणार नाही’ असं उत्तरही देऊन मोकळी झाली आहेस. तुझी कारणं मला मान्य आहेत. बातमी मोबाइलवर आधी येते, तुझ्या वयाचं कोणी पेपर लावत नाही आणि कागद महाग झाला आहे. यातलं पहिलं तर जुनंच दुखणं आहे. बातमी आधी पोचवण्याच्या शर्यतीत पेपर रेडिओ आला तेव्हाच हरला होता, टीव्हीने त्याला आणखी मागे टाकलं, तरीही तो पुढे कित्येक वर्षं वाढत राहिला. म्हणजे लोक त्याच्यासाठी पैसे मोजत होते ते फक्त ताज्या बातमीसाठी मोजत नव्हते. ते कशासाठी मोजत होते आणि ती गरज आज दुसरं कोणी भागवतं का, एवढंच मला या पत्रात तपासायचं आहे.

आधी आपल्याकडचं एक आवडतं समाधान बाजूला ठेवते. मराठी माणसाला सकाळच्या चहाबरोबर पेपर लागतोच, पहाटे पाचला विक्रेत्यांची पोरं लाइन टाकायला निघतात, अमेरिकेसारखे आपल्याकडे पेपर बंद पडणार नाहीत, असं संपादक मंडळी व्याख्यानांतून सांगत असतात. सवयीचा एवढा भरवसा वाटत असेल तर जपानकडे बघावं. घरपोच पेपरची व्यवस्था तिथल्याइतकी घट्ट जगात क्वचितच कुठे असेल. तरीही 2000 साली जपानी वृत्तपत्रांचा एकूण खप पाच कोटींच्या वर होता, तो 2023 पर्यंत तीन कोटींच्या खाली आला. सवय माणसाबरोबर म्हातारी होते. आपल्याकडे तर 2020 च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने कोरोनाच्या भीतीने घरोघरी पेपर टाकायलाच बंदी घातली होती. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, काही दिवसांत आदेश सैल झाला, पण मुंबई-पुण्याला आणखी थांबावं लागलं. तेवढ्या अवधीत पेपर नसला तरी सकाळ होते, हे पुष्कळ घरांना कळलं आणि त्यातल्या काहींनी तो पुन्हा लावला नाही. तेव्हा सवयीच्या भरवशावर तू नोकरी धरू नयेस, या मताची मीही आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. पाच-सहा रुपयांना मिळणाऱ्या अंकाचा खर्च त्या पाच-सहा रुपयांत कधीच निघत नाही. विक्रेत्याचं आणि एजंटचं कमिशन वजा केलं की मालकाच्या हातात जे उरतं त्यातून नुसता कागदही धड येत नाही. आपल्याला लागणाऱ्या न्यूजप्रिंटचा मोठा भाग परदेशातून येतो. 2019 च्या अर्थसंकल्पात त्यावर 10 टक्के आयात शुल्क बसलं, पुढच्या वर्षी ते 5 टक्क्यांवर आलं, आणि 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर भाव पुन्हा भडकले. वरची सगळी तूट जाहिरात भरून काढते. नव्वदच्या दशकात दिल्लीत इंग्रजी दैनिकांनी किंमतयुद्ध सुरू केलं, वाचकाला जवळजवळ फुकटात अंक द्यायचा आणि त्याचे डोळे जाहिरातदाराला विकायचे हा धडा घालून दिला, आणि आपल्या मराठी मालकांनी तो मन लावून गिरवला. आता जाहिरातदाराला तेच डोळे गूगल आणि फेसबुकवर स्वस्तात मिळतात. मोबाइलने पेपरचा वाचक पळवला असं आपण म्हणतो खरं, पण वाचकाच्या आधी पळाला तो जाहिरातदार.

इथपर्यंत मी तुझ्याच बाजूने बोलते आहे. आता वेगळी होते. रोजच्या पेपरचं एखादं आतलं पान काढ, जे तू बहुधा उलटून टाकतेस. खाली कोपऱ्यात बारीक टायपात ‘जाहीर नोटीस’ असते. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात, मग मौजे अमुक, तालुका तमुक, गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, पूर्वेस कोणाची जमीन, दक्षिणेस ओढा की शिवरस्ता अशी चतुःसीमा, आणि शेवटी वकिलाचं नाव व पत्ता: सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, बोजा, वारसा असल्यास चौदा दिवसांत लेखी हरकत घ्यावी, अन्यथा तसा हक्क नाही असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल. शेजारी बँकेची ताबा नोटीस, खाली कोर्टाचं समन्स. हा मजकूर कोणी हौसेने छापत नाही. कर्ज थकलेल्याच्या मालमत्तेचा ताबा घेतल्यावर बँकेला दोन वृत्तपत्रांत नोटीस द्यावी लागते आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. 2013 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 11 सांगतं की प्राथमिक अधिसूचना राजपत्राबरोबरच त्या भागात खप असलेल्या दोन दैनिकांत यायला हवी, त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतलं. हरकत घ्यायला मुदत साठ दिवसांची. दिवाणी प्रक्रिया संहितेतही, प्रतिवादी सापडत नसेल तर तो शेवटी जिथे राहत होता त्या भागातल्या दैनिकात समन्स छापण्याची सोय आहे.

कायद्याने हे काम पेपरकडे का दिलं? एक तर अंकावर तारीख असते आणि छापून झालेला अंक मागाहून बदलता येत नाही. दुसरं, त्याच्यामागे नाव असलेला माणूस असतो. शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक, मालक, छापखान्याचा पत्ता आणि संपादकाचं नाव सांगणारी जी ओळ असते ती 1867 च्या कायद्यापासून चालत आली आहे. तो कायदा जाऊन 2023 चा नवा आला तरी ती गेली नाही. आणि तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: पेपरमध्ये न शोधलेली गोष्ट दिसते. ज्याची जमीन जाणार आहे तो शेतकरी रोज सकाळी सरकारी वेबसाइट उघडून आपला गट नंबर टाकत बसत नाही. पण गावातल्या कटिंगच्या दुकानात पडलेल्या पेपरमध्ये शेजारच्याला ते गावाचं नाव दिसतं आणि संध्याकाळपर्यंत निरोप पोचतो. मोबाइल आपल्याला आपल्या आवडीचं दाखवतो, आणि आपल्याविरुद्ध निघालेली नोटीस कोणाच्या आवडीची नसते.

तू लगेच म्हणशील की सरकारने तर स्वतःचं राजपत्रच छापणं सोडलं. खरं आहे, केंद्र सरकारचं राजपत्र ऑक्टोबर 2015 पासून कागदावर निघत नाही, आणि त्यावाचून कोणाचं अडलं नाही. पण राजपत्र कागदावर होतं तेव्हा तरी ते कोण वाचत होतं? ते नोंद ठेवण्याचं साधन होतं आणि नोंद संगणकावर कागदापेक्षा चांगली राहते. कळवणं हे निराळं काम आहे. म्हणूनच 2013 च्या कायद्याने राजपत्र, दैनिकं, ग्रामपंचायत आणि वेबसाइट अशा सगळ्याच वाटा सांगून ठेवल्या आहेत. यातली दैनिकाची वाट कोणत्या तरी अधिवेशनात दुरुस्ती करून गाळता येईल, हे मात्र मी नाकारत नाही. व्हिएन्नामध्ये तेच झालं. ‘वीनर झायटुंग’ हे ऑस्ट्रियाच्या सरकारी मालकीचं दैनिक 1703 सालचं. सम्राट आले, गेले, दोन महायुद्धं झाली, मध्ये नाझींनी ते काही वर्षं बंद पाडलं, तरी ते पुन्हा उभं राहिलं. कंपन्यांनी आपल्या नोटिसा त्यात पैसे देऊन छापायच्या, या सक्तीवर त्याचा संसार चालायचा. 2023 मध्ये संसदेने ती सक्ती काढली आणि 30 जूनला त्याचा शेवटचा दैनिक अंक निघाला. एवढ्या जुन्या पेपरला ना टीव्हीने मारलं ना मोबाइलने.

आपल्याकडच्या मालकांनी यातून चुकीचा धडा घेऊ नये म्हणजे मिळवली. नोटिसांच्या उत्पन्नावर जगता येतं हे कळल्यावर काय होतं ते प्रत्येक जिल्ह्याच्या गावी दिसतं. शासनाच्या जाहिरात यादीवर नाव टिकवण्यापुरते आणि फाइलला लावण्यापुरते अंक काढणारी दैनिकं असतात. ज्याला नोटीस द्यायची तर आहे पण ती कोणी वाचू नये अशी इच्छा आहे, तो नेमका अशाच पेपरकडे जातो. असा पेपर छापला जात असला तरी मेलेलाच आहे. कायद्याने अंगावर टाकलेलं काम तेव्हाच पार पडतं, जेव्हा त्या नोटिसीच्या वर लोकांना वाचावीशी वाटणारी बातमी असते. पाणीपुरवठा योजनेचं काम कुठे अडलं, बाजार समितीत कांद्याला काय भाव निघाला, जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत कोणता ठराव कोणी मांडला. या बातम्या मुंबईचं पोर्टल देत नाही, कारण तेवढ्या क्लिकमध्ये तिथे वार्ताहर पाठवणं परवडत नाही.

विश्वासाच्या गोष्टी पेपरवाल्यांनी करू नयेत, असंही तू लिहिलं आहेस आणि पेड न्यूजची आठवण दिली आहेस. ती द्यायलाच हवी. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती शब्दशः सारखी छापून आली होती. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती उघडकीला आणली. पुढे परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी प्रेस कौन्सिलसाठी सविस्तर अहवाल लिहिला, आणि कौन्सिलने तो सुरुवातीला पूर्ण प्रसिद्धही केला नाही. लाजिरवाणं प्रकरण आहे आणि त्यातली प्रवृत्ती गेली आहे असं समजण्याचं कारण नाही. पण ते पकडलं गेलं कसं ते बघ. अंक शेजारी-शेजारी ठेवून ओळी जुळवता आल्या म्हणून. तोच मजकूर वेबसाइटवर असता तर बोभाटा होताच एक पान गायब झालं असतं आणि दुसऱ्यातले चार शब्द बदलले असते. पोर्टलांनाही 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रार निवारण अधिकारी नेमायला सांगितलं आहे, पण सकाळी ज्या वाक्याबद्दल तक्रार करायची ते संध्याकाळी तिथे असेलच असं नाही. छापील पेपर खोटं बोलत नाही असं मी म्हणत नाही. तो खोटं बोलला तर त्याचा पुरावा लोकांच्या घरी रद्दीत पडलेला असतो, इतकंच माझं म्हणणं आहे. व्हॉट्सॲपवर अफवा सोडणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक असावं, नाहीतर ते बड्या दैनिकाचं नाव आणि टाइप चोरून खोटी कात्रणं कशाला बनवत बसले असते?

उरला तुझा सर्वांत जड आक्षेप: हे सगळं काम छपाई बंद करून, फक्त ऑनलाइन राहून करता येईल की नाही. करता येईल, आणि तसा प्रयोग झालाही आहे. लंडनच्या ‘द इंडिपेंडंट’ने मार्च 2016 मध्ये छापील अंक बंद केला. संस्था बुडाली नाही, आर्थिकदृष्ट्या सावरली आणि तिचे वाचक जगभर पसरले. पण नील थरमन आणि रिचर्ड फ्लेचर या अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं की ब्रिटिश वाचक त्या पेपरसोबत एकूण जेवढा वेळ घालवत होते तो छपाई थांबल्यावर 81 टक्क्यांनी घटला. छापील अंक घेणारे संख्येने थोडे होते, पण नीट वाचणारे तेच होते. ते वेबसाइटवर गेले नाहीत, नुसते निघून गेले. लंडनसारख्या शहरात, इंग्रजी वाचकांच्या जागतिक बाजारात हे घडत असेल तर उस्मानाबादच्या, आता धाराशिव म्हणायचं, किंवा गोंदियाच्या मराठी दैनिकाने छपाई बंद करून काय कमवायचं?

म्हणून माझा अंदाज असा. आज निघतात त्यातली पुष्कळ दैनिकं जातील. बारा-पंधरा शहरांतून आवृत्त्या काढणारे मोठे समूह आधी पुरवण्या कापतील, मग पानं, मग आवृत्त्या. ते काम सुरूही झालं आहे. ज्या जिल्हा दैनिकांच्या संपादकांनी वाढदिवसाच्या जाहिरातींवर संसार थाटला ती नेते बदलले की संपतील. जी टिकतील ती महाग असतील. दहा-बारा रुपये देऊन अंक घेणारा वाचक ज्याच्याकडे पुरेसा आहे त्यालाच जाहिरातदार सोडून गेल्यावरही छापखाना चालवता येईल. ही किंमत लोक देणार नाहीत असं मालक म्हणतात, पण त्यांनी ती मागून कधी पाहिली आहे? कटिंग चहाला दहा रुपये देणारा माणूस पेपरला सहाच देतो, कारण तेवढेच मागितले जातात.

तेव्हा छापील पेपर टिकेल का, हा प्रश्न एका दैनिकाला धरून विचारला तरच त्याला उत्तर आहे. ज्या दैनिकाने तुला बोलावलं आहे त्याचे गेल्या दोन महिन्यांचे अंक मागवून घे. अग्रलेख वाचत बसू नकोस, ते सगळीकडे सारखेच असतात. जिल्हा परिषदेच्या सभेची बातमी काढ आणि ती सभेत बसून लिहिली आहे की माहिती कार्यालयाची प्रेसनोट उतरवून घेतली आहे ते बघ. किती अंक छापतात हे मालकाला विचारू नकोस, एसटी स्टँडवरच्या विक्रेत्याला विचार, आणि परत किती जातात तेही विचार. बातमी स्वतःची असेल आणि परतीचा गठ्ठा लहान असेल तर पोर्टलपेक्षा दोन हजार कमी मिळाले तरी तिथेच जा. प्रेसनोटच छापत असतील तर खुशाल मुंबईचं तिकीट काढ.

तुझी,
आत्या