नाव ठाऊक असून आकडा

इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकाबद्दल कळलं तेव्हा आलेला राग अजून उतरलेला नाही.

आमचे पणजोबा खेड तालुक्यातले, मराठा पलटणीत शिपाई. ‘बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत,’ एवढंच घरात सांगत. मग तहसीलमधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढली, जमिनीचे जुने फेरफार काढले, ते मोडी जाणणाऱ्या एका गुरुजींकडून वाचून घेतले. एका फेरफारात वारस म्हणून आजोबांचं नाव होतं; अज्ञान, पालनकर्ती आई. त्या फेरफाराच्या सालावरून राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संगणकावरच्या यादीत शोधलं आणि पणजोबा सापडले. ११० वी मराठा लाइट इन्फंट्री. वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा रत्नागिरी, सगळं बरोबर. मृत्यू १९१६, पहिल्या महायुद्धात, इराकमधल्या कूतच्या वेढ्यात. इंग्रजांच्या जनरल टाउनशेंडची फौज तिथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कोंडली गेली होती. शेवटी घोडे कापून खायची पाळी आली, तरी आपल्याकडच्या बहुतेक शिपायांनी कितीतरी आठवडे ते मांस तोंडाला लावलं नाही.

नाव पाहून मला रडू आलं. मग स्मारकाची माहिती वाचली. १९२९ साली उभारलेलं, ज्यांची कबर सापडली नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांचं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरलेली आहेत, अगदी साध्या शिपायाचंसुद्धा. हिंदी सैनिकांत मात्र नाव फक्त सुभेदार-जमादारांचं. हवालदारापासून खालच्यांसाठी पलटणीचं नाव आणि मेलेल्यांचा आकडा. नावं मिळाली नाहीत म्हणावं, तर बापाच्या नावासकट, गावासकट नोंदलेली आहेत! कागदावर माणूस आहे, दगडावर नाही. शिपायाचं नाव कोरायला छिन्नीचे असे किती घाव जास्त पडले असते? २०२१ साली आयोगाने स्वतःच्या अहवालात हा भेदभाव कबूल केला, माफी मागितली. पणजीला त्याचा काय उपयोग? ती सगळी हयात पेन्शनीवर आणि लोकांच्या शेतावर राबून जगली.

आमच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. महायुद्धात या गावातून किती जण गेले, किती मेले. लहानपणी मला तिचा फार अभिमान वाटे. आता तीही आकड्यांचीच वाटते, आणि ती तर आपण शंभर वर्षं रोज बघत आलो.

चुलतभाऊ म्हणतो, साहेबाच्या लढाईत मेलेल्यांची नावं कशाला मिरवायची? लढाई आपली नव्हती, हे मलाही पटतं. माणूस मात्र आपला होता. ज्यांच्या घरात असं कुणी गेलेलं आहे त्यांनी कोतवाल बुकाची नक्कल आजच काढून ठेवावी. ती पानं हात लावला की तुटतात.

ग्रामसभेत मी अर्ज दिला आहे, पाटीशेजारी मेलेल्यांची नावं लावा म्हणून. पणजोबांचं नाव तयार आहे. बाकीच्यांची त्याच यादीतून, गावाच्या नावावरून शोधतो आहे.