खाजगी काम
(लेखांक तिसरा)

गुलमंडीच्या दुकानांतून कॅसेटी भरून घेण्याचा जो उद्योग आमच्या तरुणपणी छत्रपती संभाजीनगरात चाले, त्याची हकीकत मागील लेखांकात आलीच आहे. आता 2008 सालच्या वहीतले चार दिवस, शुद्धलेखन तेवढे सुधारून, उतरवून देतो. शहराचे नाव त्या वेळी दप्तरात जे होते तेच वहीतही आहे.

गुरुवार, 31 जानेवारी, औरंगाबाद

किरकोळ रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात ‘खाजगी काम’ असे लिहिण्याचा प्रघात इतका जुना आणि इतका सोयीचा आहे, की त्याच्या आडोशाला लोक वधूसंशोधनापासून मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेपर्यंत काय वाटेल ते उरकून येतात. तेव्हा दोन मुलांचा बाप असलेला एक बेचाळीस वर्षांचा कारकून आयर्न मेडन नावाच्या इंग्रज मंडळींचे वादन ऐकण्यासाठी मुंबईस निघाला आहे, ही गोष्टही त्या दोन शब्दांत बिनबोभाट मावून गेली. साहेबांनी मान वर न करता शुक्रवार-शनिवार मंजूर केले.

घरी मात्र तपशील द्यावा लागला. “अहो, ती भिंतीवरच्या चित्रातली केसाळ माणसं का?” एवढेच हिने विचारले आणि दशम्या करायला घेतल्या. रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसची वाट पाहत फलाटावर बसलो असता मनात हिशेब केला, तेव्हा ध्यानात आले की बावीस वर्षांत या संगीताविषयी मी या शहरात कोणाशीही पाच मिनिटे सलग बोललेलो नाही. हेवी मेटल म्हणजे जड धातू, असे भाषांतर करून आमच्या एका स्नेह्यांनी मला एकदा भांड्यांच्या दुकानाचा पत्ता दिला होता.

शुक्रवार, 1 फेब्रुवारी, मुंबई

कसाऱ्याचा घाट झोपेत गेला. बोरीबंदरला उतरून तोंड धुतले आणि पायीच धोबी तलावाकडे निघालो, कारण रंगभवन पाहायचे होते. 1986 साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा मेळा याच उघड्या नाट्यगृहात भरत असे, आणि देशातल्या कॉलेजांतली पोरे आपापल्या गिटारी घेऊन येथे हजेरी लावीत. तेव्हा मला पंढरीची वारी जशी इतरांना घडते तशी ती एकदा घडावी अशी इच्छा होती, पण प्रत्येक वर्षी काही ना काही अडचण निघाली आणि अखेर आसपास रुग्णालये नि महाविद्यालये असल्यामुळे शांतता क्षेत्राच्या नियमात ही जागा सापडून तिचा आवाज बंद झाला. नियम चुकीचा आहे असे मला म्हणता येत नाही. आजारी माणसाच्या उशाशी ढोल बडवू नये हे कोणीही कबूल करील. फाटकाशी दोन मिनिटे उभा राहिलो. आत पाहण्यासारखे काही नव्हते.

(रात्री, बोरीबंदरचे प्रतीक्षालय)

वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानाबाहेर दुपारपासून काळ्या सदऱ्यांची रांग होती आणि तीत पूर्ण बाह्यांचा, खिशाला पेन लावलेला, फिकट निळा सदरा घातलेला असा मी एकटाच. बंदोबस्तावरच्या माणसाने पिशवी तपासली. दशम्यांचा डबा आत नेता येणार नाही, म्हणाला. अन्न टाकणे हे आमच्या रक्तात नाही, म्हणून रांगेबाहेर उभे राहून चार दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तेथेच संपवायला घेतली, तेव्हा शेजारच्या एका पोराने अदबीने विचारले, “काका, मुलाला सोडायला आलात का?” नाही, माझा मीच आलो आहे, असे म्हटल्यावर त्याने एक दशमी मागून घेतली.

मुख्य मंडळींच्या आधी जे वाजवून गेले त्यांच्याविषयी लिहिण्याजोगे माझ्यापाशी काही नाही. माझे लक्षच नव्हते.

ही मंडळी आपल्या जगप्रवासाचा आरंभ मुंबईतून करीत आहेत आणि त्यांचे बोईंग 757 विमान खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन हाकतो, हे वर्तमानपत्रांतून वाचले होते. पण जो माणूस विमान चालवतो तोच रंगमंचावर हरणासारख्या उड्या मारीत असा उंच, भरलेला स्वर लावू शकतो, यावर कानांनी ऐकेपर्यंत विश्वास बसत नाही. पहिले गीत ‘एसेस हाय’, 1940 सालच्या हवाई युद्धावरचे, आणि त्याच्या आधी चर्चिलच्या भाषणाचे ध्वनिमुद्रण. ज्या शहरात ‘चले जाव’चा ठराव झाला त्याच शहरात हजारो पोरांनी त्या आवाजाला आरोळ्या दिल्या, आणि त्यांत एक आरोळी माझीही होती, हे नमूद करून ठेवतो. 1854 सालच्या बालाक्लावाच्या घोडदळावर रचलेल्या ‘द ट्रूपर’मध्येही ब्रिटिश शौर्याचाच मामला, वडील हयात असते तर त्यांना काय सांगितले असते, कोणास ठाऊक. परंतु स्टीव्ह हॅरिसची बोटे बास गिटारीच्या तारांवर (तो नखी वापरीत नाही) टापांसारखी पडू लागली की इतिहासाचा विचार मागे पडतो. घोडा कोणाच्या बाजूचा, हे पाय विचारीत नाहीत.

‘पॉवरस्लेव्ह’साठी मागे मिसर देशातली मंदिरे उभी केली होती, ज्याच्या गावापासून कैलास लेणे जेमतेम तीस किलोमीटरवर आहे त्याला रंगवलेल्या पाषाणाचे कौतुक ते काय असणार! पण त्याच्या आधी जे झाले ते लिहिण्यासाठीच खरे म्हणजे एवढ्या अपरात्री वही काढली आहे.

कोलरिजच्या 1798 सालच्या काव्यावरून रचलेले ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ हे तेरा मिनिटांहून मोठे गीत, 1984 सालच्या तबकडीतले, कीर्तनाच्या उत्तररंगातील आख्यानासारखे एका बैठकीत सांगितलेले: खलाशी पक्षी मारतो, वारा पडतो, सोबती मरतात, आणि हा एकटा उरतो. मध्यंतरी वादन अगदी मंदावून जहाजाचे लाकूड करकरते आणि मग हळूहळू तारा पुन्हा चढू लागतात. माझ्या मावसभावाने 1986 साली जी कॅसेट मला भरून आणून दिली तिच्यात या चढण्याच्या ऐन मध्यावर फीत संपत असे, खट्कन बटण वर येई, आणि माझा खलाशी कित्येक वर्षे तसाच समुद्रात अडकून राहिला. पुढे सीडी मिळाली, शेवट कळला; पण कान तेथे आल्यावर अजूनही थबकतो. आज रात्री, धुक्यासारख्या धुरात, ती जागा जवळ आली तेव्हा मी डोळे मिटून त्या बटणाची वाट पाहिली. बटण वर आले नाही. तिन्ही गिटारी माझ्या अंगावरून पुढे निघून गेल्या, आणि डोळे उघडून पाहतो तो दशमीवाला पोरगा शब्दन् शब्द म्हणत होता, त्याच्या पलीकडची मुलगीही म्हणत होती, आणि तिच्या पलीकडेही, दिसेल तेथवर, ओठ हलत होते.

‘फिअर ऑफ द डार्क’च्या वेळी तर लोक शब्दही सोडून गिटारीची सुरावटच गाऊ लागले. जी सुरावट मी न्हाणीघरात, दार लावून, हलक्या आवाजात गुणगुणत आलो, ती मैदानभर उघडी पडली. पोराने माझ्या खांद्यावर हात टाकला. मी तो राहू दिला.

शनिवार, 2 फेब्रुवारी, तपोवन एक्स्प्रेस

कानात एक अखंड बारीक शिट्टी वाजते आहे. इगतपुरीला वडा घेतला. विक्रेता काय म्हणाला ते कळले नाही, दहाची नोट दिली आणि त्याने परत काय दिले ते न मोजता खिशात घातले. मैदानाबाहेरच्या पदपथावर एक काळा सदराही घेतला आहे, त्यावर एडी नावाचे त्यांचे ते सांगाड्याचे भूत; धुतल्यावर रंग जाणार अशी मला खात्री आहे. मनमाडनंतर झोप लागली.

सोमवार, 4 फेब्रुवारी, औरंगाबाद

रंग गेला. बादलीतले पाणी पाहून हिने सदरा वेगळा भिजवला आहे आणि धाकट्याने तो आपल्याला हवा म्हणून हट्ट धरला आहे.

हजेरीपटावर सही करताना साहेबांनी, आज मात्र मान वर करून, विचारले, “झालं का हो तुमचं खाजगी काम?” शिट्टी अजून पुरती गेलेली नसल्याने आपला आवाज किती लागतो आहे याचा मला अंदाज नव्हता. “झालं!” म्हणालो, आणि सबंध शाखा माझ्याकडे वळून पाहू लागली.