घरचं पोस्ट ऑफिस

बाबा निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना आमच्या आडनावाचं डोमेन भेट दिलं. मेलचा पत्ता कुठल्या कंपनीचा नको, आपला असावा, ही हौस माझी. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राउटरशेजारी रास्पबेरी पाय ठेवला, त्यावर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट चढवलं. इंटरनेटवाल्यांना जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतला, विनवण्या करून पोर्ट २५ उघडून घेतलं. पहिला मेल आला तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे पोस्टमन आता आपल्याच घरात राहतो म्हण की!"

मेल येण्याची काळजी नव्हती. वीज गेली, सर्व्हर बंद पडला, तरी पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा दार वाजवतो, बहुतेकदा चार-पाच दिवस. १९८२ सालच्या एसएमटीपीच्या रचनेतच ही चिकाटी आहे.

अडचण मेल जाण्याची होती. एसपीएफ, डीकिम, डीमार्क, सगळी रेकॉर्ड्स जागेवर होती. पण घरगुती कनेक्शनचे आयपी आधीच बदनाम. व्हायरस लागलेले कॉम्प्युटर तिथूनच स्पॅम पाठवतात, म्हणून स्पॅमहॉससारख्या संस्था अशा पत्त्यांची यादीच ठेवतात. त्यात रिव्हर्स डीएनएस. माझा आयपी उलटा शोधला की माझं डोमेन नाही, इंटरनेटवाल्यांनी दिलेलं लांबलचक नाव दिसायचं. ते बदलणं त्यांच्याच हातात. माझी तिकिटं न वाचताच बंद व्हायची.

त्याच सुमारास बाबांच्या नागपूरच्या मित्राची बायको गेली. फोनवर बोलणं जमणार नाही म्हणून बाबांनी संध्याकाळभर बसून मेल लिहिला. "गेला ना रे?" मी लॉग पाहिला. "२५० ओके. गेला, बाबा."

तीन आठवड्यांनी काकांचा फोन आला. "दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीस तू." मेल त्यांच्या स्पॅममध्ये पडून होता.

२५० म्हणजे पलीकडच्या सर्व्हरनं मेल ताब्यात घेतला, एवढंच. तो माणसापर्यंत पोचला, असं नाही. हे मला ठाऊक होतं, तरी मी "गेला" म्हणालो होतो. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत.

आता येणारे मेल घरीच उतरतात, जाणारे मात्र पैसे देऊन एका कंपनीच्या सर्व्हरवरून जातात. बाबांना सांगितलंय, आता काळजी नाही. तरी महत्त्वाचा मेल पाठवला की ते फोन उचलतात. "पोचला का रे? बघ जरा. स्पॅममध्येही बघ."