बदलापूर ते उल्हासनगर : एका संगणकाची खरेदी

आमच्या घरात संगणकाचा विषय निघाला की वर्षभर सगळे गप्प बसायचे. कारण एकदा आमचे हात पोळले होते. धाकट्याने दहावीनंतर हट्ट धरला म्हणून त्याच्या अब्बांनी ओव्हरटाइमचे चौदा हजार रुपये काढून दिले आणि त्याने मोबाइलवर जाहिरात पाहून एक जुना 'गेमिंग संगणक' आणला. जाहिरातीत लिहिले होते, 'आय-७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक कार्ड'. काचेच्या कॅबिनेटमध्ये लाल-निळे दिवे लुकलुकत होते. सहाव्या आठवड्यात रात्री वीज गेली आणि परत आली तेव्हा आतून 'फट्' असा आवाज झाला आणि जळका वास घरभर पसरला. विकणाऱ्याचा फोन त्यानंतर लागलाच नाही.

त्याचे अब्बा अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला आहेत. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "चौदा हजार म्हणजे माझ्या किती रात्री, ते मोज." मुलगा त्या दिवशी जेवला नाही. माझ्या मते रागावले असते तर त्याला सोपे गेले असते.

त्यानंतर तो स्टेशनजवळच्या गेम पार्लरमध्ये जाऊ लागला, क्लासच्या नावाखाली. हे मला शेजारणीकडून कळले. मी खूप विचार केला. खेळ पूर्ण बंद करावा, तर मुलगा घराबाहेर काय करतो ते कळणार नाही. घरी आणावा, तर पैसा. शेवटी माझी भिशी लागली, ३८ हजारांची. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांतून कपडे घरी येतात, त्यांचे धागे कापून आणि बटणे लावून मी ही भिशी भरत होते. मी ह्यांना म्हटले, "तो डिप्लोमाला आहे. ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर त्याच मशीनवर चालेल आणि खेळही आपल्या डोळ्यांसमोर होईल." ते म्हणाले, "तुझे पैसे आहेत. पण ह्या वेळी यादी त्याने करायची, आणि प्रत्येक वस्तू का घेतोस ते मला समजावायचे."

माझे भाईजान म्हणाले, "हप्त्यावर घे ना, साठ हजारांचा येईल, व्याज शून्य." मी चौकशी केली. शून्य व्याजाच्या योजनेत बहुधा बँक आपले व्याज लावतेच, दुकानदार तेवढीच सूट किमतीत दाखवतो. वर प्रोसेसिंग फी, व्याजावरचा जीएसटी, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हातची जाते. व्याजाचा पैसा घरात नको हे तर आमचे आधीपासून ठरलेले. हातात आहे तेवढ्यातच घ्यायचे, असे पक्के झाले.

मुलाने पंधरा दिवस अभ्यास केला. सर्वांत आधी त्याने जुन्या डब्याचे पोस्टमॉर्टेम केले आणि अब्बांसमोर बसून सांगितले, "अब्बा, आय-७ हा दर्जा आहे, पिढी नाही. पिढी पुढच्या आकड्यात असते. आपल्यात २६०० होता, म्हणजे दुसरी पिढी, २०११ सालची. आजचा साधा आय-३ त्याच्यापेक्षा पुढे आहे. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबरमध्ये संपणार. ग्राफिक कार्डावर ४ जीबी लिहिले होते, पण ते कामापुरते कार्ड होते, खेळाचे नव्हते. आणि जळला तो एसएमपीएस. त्याच्यावर ४५० वॉट छापले होते, पण डबा हाताला हलका लागत होता." ह्यांनी मान हलवली. वर्षभरात दोघे इतका वेळ एकमेकांशी बोलले नव्हते.

जानेवारी २०२५ मधल्या एका रविवारी मी, मुलगा आणि माझा भाचा निघालो. बदलापूरहून लोकल सुटली की डाव्या हाताला मलंगगड दिसतो. हाजी मलंगबाबांच्या दर्ग्याकडे बघून माझी आई नेहमी डोक्यावर पदर घ्यायची, तशी सवय मलाही आहे. मुलगा खिडकीजवळ बसून कागदावरचे आकडे पुन्हा पुन्हा जोडत होता.

पहिला उतार अंबरनाथला. हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. एक वालधुनीकाठचे शिलाहारांच्या काळातले, १०६० सालचे दगडी शिवमंदिर आणि दुसरे म्हणजे कारखाने. आयुध निर्माणी आहे, काड्यापेटीचा विमको कारखाना होता, आणि एमआयडीसीने तर आमच्यासारखी कितीतरी घरे उभी केली. इथे स्टेशनाजवळच्या एका दुकानात आम्ही भाव काढला. दुकानदाराने यादी न वाचताच तयार सेट दाखवला. पुन्हा तेच, पुढे काच, तीन पंखे, इंद्रधनुष्यासारखे दिवे. "छत्तीस हजार, ग्राफिक कार्डासकट." मी मुलाकडे पाहिले. त्याचे डोळे चमकले होते. खोटे कशाला सांगू, माझेही मन हलले. ग्राफिक कार्डासकट आणि दोन हजार शिल्लक!

मुलाने हळूच विचारले, "एसएमपीएस कुठल्या कंपनीचा?" "चांगला आहे." "नाव काय? ८० प्लसची खूण आहे का?" दुकानदार हसला, "कॅबिनेटबरोबरच येतो, फुकट." "आणि कार्ड नवे की वापरलेले?" "रिफर्बिश आहे, महिनाभराची गॅरंटी." मुलाने कागद घडी केला आणि म्हणाला, "अम्मी, चल." जिना उतरताना त्याचे ओठ थरथरत होते. मला कळत होते, पंधरा दिवस ज्याची स्वप्ने पाहिली ते समोर असताना पाठ फिरवणे सोपे नव्हते.

तिथून उल्हासनगर. धागे कापण्याच्या कामामुळे मला हे शहर थोडे ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली सुमारे एक लाख माणसे ह्याच बराकींमध्ये उतरवली गेली. १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही पत्ता विचारला तर लोक कॅम्पचा नंबर, सेक्शन आणि बराकीचा नंबर सांगतात. रिकाम्या हाताने आलेल्या लोकांनी फर्निचर, कापड, जीन्स, इलेक्ट्रॉनिक वस्तू असे काय काय उभे केले! 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा जुना विनोद सगळ्यांनी ऐकला असेल. पण घर गमावलेल्या माणसाने हातात येईल त्या सुट्या भागांतून संसार जोडला, ही त्या विनोदामागची गोष्ट आपण विसरतो. फाळणीच्या आठवणी आपल्या घरांतही आहेत. त्यामुळे त्या बराकींजवळून जाताना मला कधी परके वाटत नाही.

कॅम्प तीनमध्ये एका गल्लीत भाच्याच्या ओळखीचे छोटे दुकान होते. गल्ल्यावर पांढऱ्या केसांचे सिंधी काका. त्यांनी चष्मा लावून यादी पूर्ण वाचली आणि विचारले, "बेटा, खेलना क्या है, और काम क्या है?" आजवर कोणी हे विचारलेच नव्हते. मुलाने सांगितले : मित्रांबरोबर फुटबॉल, व्हॅलोरंट, जीटीए-५ आणि डिप्लोम्याचे ड्रॉइंग. काका म्हणाले, "फिर अभी कार्ड मत ले."

त्यांनी समजावले ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले. काही प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय आतच असते. रायझन ५ ५६००जी हा तसा एक, सहा कोअरचा. त्यावर हे खेळ कमी-मध्यम सेटिंगवर चालतात. त्याचा कूलर डब्यातच मिळतो. पण ही आतली सोय रॅममधूनच आपला वाटा घेते, म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्यायच्या. दोन पट्ट्या एकत्र चालल्या की चित्राचा वेग चांगलाच वाढतो. मदरबोर्ड असा घ्यायचा की उद्या वेगळे ग्राफिक कार्ड बसेल. जुन्या साठ्यातला बोर्ड असेल तर बायोस अपडेट आहे का ते दुकानातच तपासून घ्यायचे, नाहीतर घरी जाऊन पडदा काळाच राहतो. आणि एसएमपीएस कधीही जुना घ्यायचा नाही. "बाकी पार्ट मरा तो अकेला मरता है," काका म्हणाले, "एसएमपीएस मरा तो कभी-कभी सबको साथ ले जाता है." मुलाने माझ्याकडे पाहिले. आम्हा दोघांना तो जळका वास आठवला.

जुन्या ग्राफिक कार्डाबद्दलही त्यांनी बजावले. बरीच कार्डे आभासी चलन काढण्यासाठी महिनोन्‌महिने रात्रंदिवस चालवलेली असतात. वरून पुसून चकचकीत करतात. घ्यायचेच झाले तर दुकानात अर्धा तास खेळ लावून, तापमान पाहून, पंख्यांचा आवाज ऐकून आणि मूळ बिल मागूनच घ्यावे.

आमचा हिशेब असा झाला : प्रोसेसर ११,५००, मदरबोर्ड ६,०००, रॅम ३,४००, ५०० जीबीचा एसएसडी ३,१००, कांस्य दर्जाचा ५५० वॉटचा एसएमपीएस ३,७००, दिवे नसलेले पण समोर जाळी असलेले कॅबिनेट २,४०० आणि मॉनिटर ६,९००. एकूण ३७,००० रुपये, जीएसटीच्या बिलासह. कीबोर्ड आणि माऊस जुन्या डब्याचे होते. आमच्या गरजेला ४५० वॉट पुरले असते, पण उद्या कार्ड आले तर पुन्हा एसएमपीएस बदलायला नको म्हणून ५५०. ज्यावर पुढचे सगळे बसणार तिथे आम्ही पैसे घातले. नुसते दिसण्याचे जे होते ते सोडले.

हे भाव आजचे समजू नका. त्याच वर्षाच्या शेवटी रॅमचे भाव एकदम चढले, तेव्हा घेतला असता तर हिशेब वेगळाच झाला असता. भाव बदलतात, पण क्रम तोच ठेवावा.

मी विचारले, "कॅबिनेट काचेचे का नको?" काका म्हणाले, "बहनजी, आप बदलापूर से हो. मई में वहाँ कितनी गर्मी होती है?" बदलापूरचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना सांगायला नको. पारा चाळिशीच्या पुढे जातो. त्या दिवसांत पुढून बंद काचेचा डबा म्हणजे भट्टीच. जाळीतून हवा खेळते. धूळ येते खरी, पण ती महिन्यातून एकदा झाडता येते.

प्रत्येक डब्यावरचा क्रमांक बिलावर लिहून घेतला. मुलाने प्रोसेसर स्वतः बसवण्याची परवानगी मागितली आणि काकांनी दिली. सोन्याच्या टोकांचा तो चौकोन जागेवर ठेवताना त्याने मनातल्या मनात बिस्मिल्लाह म्हटले असावे, ओठ हलताना मला दिसले. पडदा उजळला तेव्हा काकांनी तिघांना चहा दिला. परतताना उरलेल्या पैशांतून चांगला स्पाइक गार्ड घेतला आणि कोपऱ्यावर दालपकवान खाल्ले.

घरी जागेचा प्रश्न आला. आमचे घर तळमजल्यावर. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, त्याच दिवशी आमच्या खोलीतही पाणी आले होते. भिंतीवर त्याची पुसट रेघ अजून आहे. ह्यांनी कारखान्यातून लोखंडी अँगल आणून त्या रेघेच्या हातभर वर फळी ठोकली. "संगणक इथे," म्हणाले, "आणि पडद्याचे तोंड स्वयंपाकघराकडे." इशाच्या नमाजनंतर खेळ बंद, परीक्षेच्या महिन्यात फक्त रविवारी, असे त्यांनी ठरवले. मुलाने वाद घातला नाही. फक्त म्हणाला, "शनिवारी अर्धा तास जास्त." तो मिळाला.

रमजान ईदला मिळालेली ईदी आणि माझे थोडे पैसे मिळून यूपीएस आला. आता वीज गेली तरी काम जतन करून मशीन नीट बंद करता येते. ग्राफिक कार्डाची जागा अजून रिकामीच आहे. मुलगा सुट्टीत एका दुकानात संगणक दुरुस्तीला बसतो आणि त्यासाठी पैसे साठवतो. परवा ह्यांचे एक सहकारी आपल्या मुलासाठी काय घ्यावे म्हणून विचारायला आले. ह्यांनी मुलाला हाक मारली आणि म्हणाले, "ह्याला विचारा. ह्याने चौदा हजार देऊन शिकून घेतले आहे." मुलगा लाजला, पण कागद-पेन घेऊन बसला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "चाचा, त्याला खेळायचे काय आहे आणि काम काय आहे?"