आंब्यावर आळ

सावली ही वस्तू आपण आजवर फुकटच मानत आलो. वर्गात कविता शिकवताना मी तिला माया म्हटले, सोबतीण म्हटले. पण तिचा हिशेब कधी युनिटांत करावा लागेल असे वाटले नव्हते.

२०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची सूर्यघर योजना निघाली. ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान! ‘अनुदान’ या शब्दाची प्राध्यापकाला किती ओढ असते ते मी सांगायला नको. पावसाळा सरताच कर्जतच्या आमच्या घरावर पॅनेल बसली. बसवणाऱ्यांनी ती गच्चीवरच्या पत्र्याला जवळजवळ चिकटवूनच टाकली. मी खाली उभा राहून कौतुकाने पाहत होतो.

ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, हा माझा कलाशाखेचा तर्क. तो मे महिन्यात वितळला. पॅनेलला ऊन हवे असते, उष्मा नको असतो. त्याची ताकद ठरवतात ती पेशी २५ अंशांवर असताना. पुढे दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. पेशी ६५ अंशांवर गेली की १२ ते १६ टक्के गेलेच म्हणायचे! आमच्या तापल्या पत्र्याशी लगटून बसलेल्या पॅनेलखाली वाऱ्याला शिरायला जागाच नव्हती.

दिवाळीनंतर निराळीच पंचाईत झाली. ऊन सौम्य, हवा गार, तरी वीज घटली. वर जाऊन पाहतो तो एका पॅनेलच्या काचेखाली तपकिरी डाग.

बसवणाऱ्यांचा मुलगा आला, त्याने मान वर केली आणि निकाल दिला, “सर, हा आंबा काढावा लागेल.”

आंबा वडिलांनी लावलेला. आई म्हणाली, “ह्यांच्या हातचं झाड आहे ते,” आणि आत निघून गेली. मी मधला मार्ग म्हणून एक मोठी फांदी उतरवली. वीज वाढली नाही. आईने मात्र बोलणे कमी केले.

मग भिवपुरीच्या वीजघरातून निवृत्त झालेले आमच्या आळीतले एक काका आले. आमच्या मुलखाला वीज नवी नव्हे. खोपोलीचे वीजघर १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे. घाटावरचे पाणी खाली उतरवून दोन्ही चालतात. उभा जन्म पाण्याच्या विजेत गेलेला हा माणूस म्हणाला, “खडू आहे का?” एवढीच गोष्ट माझ्या घरात कधी कमी नसते. नऊ वाजता, बाराला आणि तीनला त्यांनी पत्र्यावर आणि पॅनेलच्या चौकटींवर सावल्यांच्या खुणा केल्या. आंब्याची सावली विरळ, हलती, सकाळी तासभर टेकून निघून जाणारी. पण डागावर भर दुपारी ठाण मांडून बसणारी गडद सावली होती पाण्याच्या टाकीची. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, आणि टाकी दक्षिण कडेला. ती तिथे ठेवायची अक्कल माझीच!

“पेशी एका माळेत असतात,” काका म्हणाले. “आपला कर्जत-खोपोली एकेरी मार्ग समजा. पळसदरीला एक गाडी अडली की दोन्हीकडच्या खोळंबल्या. सावलीतली पेशी वीज करत नाही, उलट बाकीच्यांची वीज गिळून तापते.” अशा वेळी विजेला आडवाट देण्यासाठी पॅनेलमध्ये सहसा तीन डायोड असतात. आमचा एक निकामी निघाला. पक्ष्यांची विष्ठा, चिकटलेले पान, यांनीही असाच डाग पडतो, म्हणून काच धुवायची. पण भल्या पहाटे. तापल्या काचेवर थंड पाणी ओतले तर ती तडकण्याची भीती असते.

टाकी उत्तरेला गेली. पॅनेल लोखंडी घोडीवर वीतभर उचलली. आता खालून वारा खेळतो. डागाळलेले पॅनेल बदलले, त्याचे पैसे माझ्या पगारातून गेले.

माघात आंबा मोहरला, उतरवलेल्या फांदीची बाजू सोडून. त्या खुंटावर डिंक साकळला होता. आई रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच बाजूला जाऊन उभी राही. मी विचारले नाही.