काळं रेशीम

जिभेची आठवण फार चिवट असते. अक्कलदाढ काढल्यानंतरच्या त्या संध्याकाळी बधिरपणा ओसरू लागला, दवाखान्यातला लवंगेच्या तेलाचा वास तोंडात रेंगाळत राहिला, आणि हळूच मागे सरकलेल्या जिभेला हिरडीवर दोन आखूड, ताठ टोकं लागली. काळ्या रेशमाचा टाका. मग बोलताना, गप्प बसताना, झोपेच्या काठावरसुद्धा जीभ तिथंच जात राहिली. नको म्हटलं तरी.

एवढासा दोरा! रेशीम हाताला मऊ, गाठ धरून ठेवणारं. पण विणीचं असल्यानं लाळ पिणारं. गुरगुट्या भाताचं एखादं शीत त्यात अडकायचं, मी कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरत राहायची, आणि आठवड्यानं टाका काढायला पुन्हा त्याच खुर्चीत बसायचंय, ही धास्ती प्रत्येक घासाला सोबत असायची.

पुढं आईची दाढ काढली, तेव्हा डॉक्टरांनी हिरडीच्या कडा चिमट्यानं जुळवल्या, अलगद टिपून कोरड्या केल्या आणि वरून गोंदाचा थेंब सोडला. सायनोॲक्रिलेट. ओलाव्याशी गाठ पडताच काही सेकंदांत घट्ट होणारं. "टाके कुठायत गं?" आईनं आरशात बघत विचारलं. काही दिवसांनी तो पापुद्रा आपसूक सुटून गेला. ना सुई, ना कात्री.

१९४२ साली, महायुद्धात, बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हे रसायन रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर यांच्या हाती आलं, आणि फार चिकटतं म्हणून बाजूला पडलं. पुढं व्हिएतनामच्या रणात जखमी सैनिकांचं रक्त थांबवायला तेच फवारलं गेलं. युद्धाच्या पोटातून आलेली ही माया! आणि त्याच्या कितीतरी आधी, सुश्रुतसंहितेत, फाटलेल्या आतड्याच्या कडा मोठ्या काळ्या मुंग्यांच्या चाव्यानं धरून ठेवलेल्या आहेत. माणसाचं फाटलेलं अंग मिटवायची ही तळमळ किती जुनी!

तरी दोऱ्यावर माझा राग नाही. हाड कोरावं लागलं, हिरडी ताणून ओढावी लागली, की तिथं टाकाच हवा. गोंदाला ताण सोसत नाही, आणि तो कडांच्या आत उतरला तर जखम भरणंच अडतं. लहान, ताण नसलेल्या जखमेला मात्र गोंदाचा हलका हात पुरतो.

तुमच्यावर ही वेळ आली, तर खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांना विचारा, गोंद चालेल का? टाकेच पडणार असतील, तर विरघळणारे घालता येतील का, तेही विचारा. ते काढायला परत जावं लागत नाही.